कुंपण घालण्याआधी पाणी कुठून जातं ते पाहा

सातिवली म्हटलं की वसईकरांना आधी गाळे आठवतात. मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागून, वालीव-गोखिवऱ्याच्या शेजारी वसलेलं हे गाव. एका अंगाला कारखान्यांच्या शेडी, दुसऱ्या अंगाला तुंगारेश्वरचा डोंगर. मधल्या पट्ट्यात अजूनही बैठी घरं आहेत, पाडे आहेत, दोन-तीन गुंठ्यांचे प्लॉट आहेत. ज्याने प्लॉट घेतला त्याचं पहिलं काम ठरलेलं असतं, ते म्हणजे कंपाउंड. घर सावकाश बांधू, आधी जागा बंदिस्त करू. ही घाई समजण्यासारखी आहे. वसई पूर्वेला मोकळी जागा फार दिवस मोकळी राहत नाही, हे इथल्या कुणाला सांगायला नको. पण या घाईतच गवंडी, फॅब्रिकेटर, शेजारी आणि मेहुणा असे चौघे चार गोष्टी सांगतात, आणि त्यातल्या निम्म्या चुकीच्या निघतात.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. या भागात कुंपणाचं नुकसान चोर करत नाही, पाणी करतं. त्याच्या खालोखाल नंबर लागतो न केलेल्या मोजणीचा.

“इथे नदी कुठे आहे? मग पुराची काय भीती?”

उत्तरेला वैतरणा आणि दक्षिणेला उल्हास नदीचं मुख, म्हणजेच वसईची खाडी. वसई-विरारचा सगळा भूभाग या दोघींच्या मध्ये आहे. सातिवली यांपैकी कुणाच्याच काठावर नाही, हे खरं. पण पाणी काठावरूनच येतं असं नाही. तुंगारेश्वरच्या उतारावर पडलेला पाऊस ओहोळांनी खाली येतो, रस्त्यांखालच्या मोऱ्यांतून पश्चिमेच्या सखल भागाकडे सरकतो आणि शेवटी खाड्यांना मिळतो. खाडीला त्या वेळी भरती असेल तर पुढची वाट बंद होते आणि पाणी मागे तुंबतं. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या प्रदेशात हे दर पावसाळ्यात थोडंफार होतंच.

जुलै २०१८ मध्ये ते थोडंफार राहिलं नाही. वसई-विरार दिवसचे दिवस पाण्यात होतं, वीज गेली होती, रेल्वे ठप्प झाली होती, मिठागरांवर अडकलेल्या शेकडो माणसांना सोडवावं लागलं. त्यानंतर महापालिकेने ‘नीरी’ आणि आयआयटी मुंबई यांच्याकडे पूरस्थितीचा अभ्यास सोपवला. त्या अभ्यासात नाले, खाड्या, धारण तलाव असे मोठे विषय आले. दोन गुंठ्यांच्या प्लॉटभोवतीची पाच फुटी भिंत अशा अहवालांत कशाला येईल? पण अशा शंभर भिंती एका उतारावर आडव्या उभ्या राहिल्या की ओहोळाला वाट उरत नाही. त्यात प्रत्येक जण शेजाऱ्यापेक्षा फूटभर उंच भराव टाकतो. पहिल्याचं पाणी दुसऱ्याकडे जातं, दुसरा आणखी भराव टाकतो, आणि सर्वांत जुनं, सर्वांत खालचं घर दरवर्षी जरा जास्त बुडतं.

म्हणून नवा प्लॉट घेणाऱ्याला माझा सल्ला सरळ आहे. पहिला पावसाळा जाळीवर काढा. लोखंडी अँगल आणि चेन लिंक जाळी लावली की जागा बंदिस्त होते आणि पाणीही अडत नाही. जुलैमधल्या एखाद्या मुसळधार दिवशी छत्री घेऊन जा. पाणी कुठून शिरतं, कुठे थांबतं, कुठून बाहेर पडतं ते पाहा आणि खांबांवर रंगाने खुणा करा. पक्की भिंत बांधायचीच असेल तर दिवाळीनंतर, त्या खुणा समोर ठेवून बांधा.

“जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत”

हा समज सगळ्यांत महागात पडतो, म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

भिंतीच्या एका बाजूला एक मीटर पाणी साचलं तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे ५०० किलो वजनाइतका आडवा रेटा येतो. पाणी दीड मीटर झालं तर रेटा दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो, म्हणजे अकराशे किलोंच्या पुढे जातो. भिंत बुडापासून उलथवण्याचा जोर तर तिपटीहून जास्त वाढतो. भराव टाकलेला असेल आणि तो भिजला असेल तर मातीचा भार त्यात आणखी मिळतो. नऊ इंची विटांची किंवा सहा इंची ब्लॉकची साधी भिंत यासाठी बांधलेलीच नसते. ती उभी राहते स्वतःच्या वजनावर, आणि आडव्या रेट्यापुढे वजनाचा फारसा उपयोग होत नाही.

२९ जून २०१९ रोजी पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची कंपाउंडची भिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडली आणि १५ माणसं गेली. त्यानंतर तीनच दिवसांनी, २ जुलैच्या पहाटेच्या सुमारास, मुंबईत मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाभोवतीची भिंत कोसळली. तिथे तीसहून अधिक बळी गेले. त्याच रात्री कल्याणमध्ये एका शाळेची भिंत पडून तिघांचा जीव गेला. मालाडची भिंत काही जुनाट नव्हती, मोजक्या वर्षांपूर्वीच बांधलेली होती. तिन्ही ठिकाणी पाऊस मुसळधार होता आणि तिन्ही ठिकाणी माणसं भिंतीच्या आधाराने राहत होती.

कंपाउंडची भिंत आणि संरक्षक भिंत या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्या बाजूला भराव आहे आणि पलीकडची जमीन दोन-तीन फूट खाली आहे, अशा ठिकाणी लागते ती संरक्षक भिंत. तिचा पाया, सळई आणि जाडी स्ट्रक्चरल इंजिनिअरने काढायची असते, गवंड्याने अंदाजाने ठरवायची नसते. साध्या कंपाउंडच्या भिंतीलाही दर आठ-दहा फुटांवर आरसीसी कॉलम, खाली प्लिंथ बीम आणि जमिनीलगत पाणी जाण्यासाठी भोकं हवीत. भोकं म्हणजे दर पाच-सहा फुटांवर बसवलेला तीन इंची पाइपचा तुकडा, बाहेरच्या बाजूला किंचित उतरता. त्याच्यामागे खडीचा थर हवा, नाहीतर दुसऱ्याच पावसाळ्यात माती बसून तो बुजतो. खर्च किरकोळ आहे. तरी इथल्या नव्या भिंती पाहत चाललात तर कित्येकांना एकही भोक दिसणार नाही. विचारलं तर उत्तर येतं, “भोकातून साप येतात.” सापांचं पुढे बोलू.

जुन्या कोकणाला हे न शिकवता कळत होतं. जांभ्याचे किंवा काळ्या दगडाचे गडगे मातीचुन्याशिवाय नुसते रचलेले असत. गुरं अडायची, पाणी फटींतून निघून जायचं. एखादा दगड ढासळला तर पुन्हा चढवून ठेवायचा, एवढीच दुरुस्ती.

“जागा माझी, पाणी अडवलं तर कुणाचं काय जातं?”

१९०६ चा मामलतदार न्यायालय कायदा अजून लागू आहे. शेतजमिनीवरून नैसर्गिकरीत्या वाहत येणारं पाणी खालच्या जमिनीत जाताना कुणी अडवलं आणि त्यामुळे पिकाचं वा जमिनीचं नुकसान होत असेल, तर तहसीलदार तो अडथळा काढायला लावू शकतात. अर्ज मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. याच कायद्यात शेताची वाट अडवण्याचाही उल्लेख आहे. आपल्या प्लॉटच्या वरच्या अंगाला अजून भातशेती असेल, तर भिंत घालण्याआधी हे लक्षात ठेवलेलं बरं.

वाटेचंही तसंच. पाड्यावरची माणसं वर्षानुवर्षं ज्या पायवाटेने जातात ती सातबाऱ्यावर दिसत नाही, म्हणून ती नाहीच असं होत नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार २० वर्षं उघडपणे, हक्काने आणि खंड न पडता वापरलेल्या वाटेवर वहिवाटीचा हक्क निर्माण होऊ शकतो. ज्या जमिनीला दुसरी वाटच नाही तिच्यासाठी निकडीचा हक्क वेगळा आहे. कुंपण घालून झाल्यावर कोर्टात भेटण्यापेक्षा चार फुटांची गल्ली सोडणं स्वस्त पडतं.

“सातबारा आहे, मग मोजणी कशाला?”

सातबाऱ्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं, आकार नसतो. तुमची जागा त्या गटात नेमकी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे तो सांगत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख खात्याकडून हद्द कायम मोजणी करून घ्यावी लागते. भूकरमापक जागेवर येतो, लगतच्या कब्जेदारांना आधी नोटीस जाते, हद्दीच्या खुणा दाखवल्या जातात आणि मोजणी नकाशाची ‘क’ प्रत मिळते. कुंपण घालायचं ते त्या खुणांवरून. एजंटने चुन्याने आखून दिलेल्या रेषेवरून नाही, आणि मोबाइलवरच्या उपग्रह नकाशावरूनही नाही.

इथल्या बऱ्याच जणांची खरी अडचण याच्या आधीची आहे. गुंठा-दोन गुंठे विकत घेतलेले असतात, सातबाऱ्यावर पाच-सात जणांची नावं सामाईक असतात. अशा वेळी पोटहिस्सा मोजणीसाठी सहधारकांची संमती लागते. ती नसताना घातलेलं कुंपण म्हणजे केवळ आपापसातला समजूतदारपणा, आणि समजूतदारपणा भाव वाढले की संपतो.

हिशोबातली एक बारीक चूकही सांगून ठेवतो. सातबाऱ्यावरचं क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, व्यवहार गुंठ्यात होतो. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, एक गुंठा म्हणजे १०१.१७. तीन आर आणि तीन गुंठे यांत सुमारे ३८ चौरस फुटांचा फरक पडतो. एवढ्याशा जागेसाठी वसईत काय काय झालेलं आहे, ते वसईकरांनीच सांगावं.

“बारा वर्षं कुंपण ठेवलं की जागा आपली” हाही असाच अर्धवट ऐकलेला कायदा. १९६३ च्या मुदत कायद्यात १२ वर्षांची मुदत आहे, पण नुसतं कुंपण असून भागत नाही. मालकाच्या हक्काला विरोध करणारा, उघड आणि अखंड कब्जा सिद्ध करावा लागतो. मालकाच्या परवानगीने किंवा त्याच्या ओळखीवर बसलेल्याला हे लागू होत नाही. सरकारी जमिनीच्या बाबतीत मुदत ३० वर्षांची आहे. आणि उलट बाजूने पाहिलं तर, शेजाऱ्याचं कुंपण आपल्या जागेत आलेलं दिसत असताना गप्प बसणं हा चांगुलपणा नव्हे.

शेजाऱ्याने निम्मा खर्च द्यायलाच हवा असंही कायदा म्हणत नाही. दोघांनी मिळून हद्दीवर सामाईक भिंत घालायची तर लेखी ठरवा. एकट्याने घालायची तर ती आपल्या हद्दीच्या आत, आणि पायासकट आत. जमिनीवर भिंत बरोबर रेषेवर दिसते आणि तिचा पाया मात्र नऊ इंच शेजारच्या जागेत पसरलेला असतो, हे नेहमीचं आहे. शेजारी घर बांधायला खोदतो तेव्हा ते उघडं पडतं.

“कंपाउंडला कसली परवानगी?”

राष्ट्रीय इमारत संहितेच्या व्याख्येत जमीन बंदिस्त करणारी भिंतही ‘इमारत’ धरलेली आहे. त्यामुळे उंचीचा नियम आहे. रस्त्याकडची भिंत समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेच्या पातळीपासून दीड मीटरपर्यंत, म्हणजे साधारण पाच फूट. त्याहून उंच, २.४ मीटरपर्यंत न्यायची असेल तर वरचा ०.९ मीटरचा भाग उघडा, जाळीचा किंवा रेलिंगचा ठेवावा लागतो. कोपऱ्यावरच्या प्लॉटला चौकाकडच्या दहा मीटर लांबीत भरीव भिंत पाऊण मीटरपेक्षा उंच नको, म्हणजे वळणारी गाडी आणि चालणारं माणूस एकमेकांना दिसतं. कारखान्यांना वेगळी सवलत असते. सातिवलीत गाळ्यांच्या भिंती पाहून घराचं कंपाउंड आठ फूट भरीव करणारे इथेच फसतात. नगररचना विभागात किंवा वालीवच्या प्रभाग समिती कार्यालयात आधी विचारून घ्यावं. लगत नाला असेल तर त्यापासून किती अंतर सोडायचं, डोंगराच्या बाजूला असाल तर वनखात्याची हद्द कुठे आहे, हेही तेव्हाच विचारावं.

“प्रीकास्ट आहे, कधीही काढता येतं, म्हणून नियम नाही” असं रेडीमेड कंपाउंडवाले सांगतात. खांबांच्या खाचेत सरकवलेल्या सिमेंटच्या फळ्या असल्या तरी त्या जमीन बंदिस्तच करतात. एक मात्र कबूल करतो. पाण्याच्या वाटेवर सगळ्यांत खालची फळी वगळून तिथे जाळी लावण्याची सोय प्रीकास्टमध्ये आहे, विटांच्या भिंतीत ती नाही.

“जीआय म्हणजे गंजत नाही”

गंजतं. फक्त उशिरा. जीआय तारेवर जस्ताचा थर असतो, तो आधी झिजतो आणि मग लोखंडाची पाळी येते. खाडीकडून येणारी खारी हवा, पावसाळ्याचे चार महिने दमट वातावरण आणि जोडीला कारखान्यांचा धूर, त्यामुळे इथे थर लवकर झिजतो. किती लवकर, हे थराच्या जाडीवर ठरतं. म्हणून दुकानात “जीआय आहे का” एवढं विचारून थांबू नका. दर चौरस मीटरला किती ग्रॅम जस्त आहे ते विचारा. चकचकीत तार चांगली असंही नाही. विजेच्या प्रक्रियेने चढवलेला पातळ थर जास्त चमकतो, वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेली तार किंचित मळकट राखी दिसते आणि जास्त टिकते. चेन लिंक जाळीसाठी आयएस २७२१ आणि काटेरी तारेसाठी आयएस २७८ ही भारतीय मानकं आहेत. बिलावर ती लिहून मागितली की दुकानदाराचा सूर जरा बदलतो.

गेजचा आकडा उलटा चालतो, तो वाढला की तार बारीक. १० गेजची तार ३.२५ मिलिमीटरची, १२ गेजची २.६४ मिलिमीटरची. डोळ्याला फरक कळत नाही, पण १० गेजमध्ये लोखंड दीडपट असतं. १० म्हणून १२ गळ्यात मारणं सोपं आहे, त्यामुळे फॅब्रिकेटरकडचा व्हर्नियर मागून दोन-चार जागी मोजून घ्यावं. जिथे वेल्डिंग होतं तिथलं जस्त जळून जातं आणि गंज तिथूनच सुरू होतो. त्या प्रत्येक जोडावर जस्तयुक्त रंग मारून घ्या. साधा सिल्व्हर रंग दिसायला तसाच असतो, काम करत नाही.

जाळी लोंबते तेव्हा दोष सहसा जाळीचा नसतो, खांबांचा असतो. पाच फूट उंच जाळीला खांब किमान दोन फूट जमिनीत हवा, काँक्रीटमध्ये. कोपऱ्यांवर आणि गेटशेजारी तिरके सपोर्ट हवेत, कारण तारेचा सगळा ताण तिथे येतो. जागेवर राबिटचा भराव असेल तर दोन फूट भरावात रोवून उपयोग नाही, खालच्या मूळ जमिनीपर्यंत जावं लागतं. काँक्रीटचा माथा खांबापासून बाहेर उतरता ठेवा, नाहीतर खांबाभोवती डबकं साचतं आणि अँगल बरोबर जमिनीच्या रेषेवर कुजतो.

“उंच भिंत घातली की बिबट्या येत नाही, साप येत नाही”

तुंगारेश्वर अभयारण्य २००३ मध्ये जाहीर झालं आणि त्याचं क्षेत्र सुमारे ८५ चौरस किलोमीटर आहे. तिथे बिबट्या आहे. पाच-सहा फुटांची भिंत त्याला अडवू शकत नाही, तो झाडावर शिकार ओढून नेणारा प्राणी आहे. वस्तीकडे तो येतो मुख्यतः कुत्र्यांच्या मागे, आणि कुत्री येतात कचऱ्याच्या मागे. कंपाउंडबाहेरचा उकिरडा हलवणं, पाळीव कुत्रा आणि कोंबड्या रात्री बंद जागेत ठेवणं, दारासमोर दिवा ठेवणं याचा उपयोग भिंतीच्या दोन जादा फुटांपेक्षा जास्त होतो.

साप भिंतीच्या भोकांतून येतातच असं नाही, गेटखालच्या चार इंचांतून आरामात येतात. भोकांच्या तोंडाशी बारीक जाळी बसवली की तो प्रश्न मिटतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषारी सापांना हवा असतो आडोसा आणि भक्ष्य. भिंतीच्या आतल्या बाजूला रचून ठेवलेल्या उरलेल्या विटा आणि लाद्या म्हणजे दोन्हींची सोय.

कुंपणाला घरातल्या विजेची तार जोडण्याचा प्रकार मात्र गैरसमज म्हणून सोडून देता येत नाही. २३० व्होल्टचा सलग प्रवाह माणूस, गुरं, बिबट्या सगळ्यांना सारखाच मारतो, आणि कुंपण घालणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो. सौर कुंपण वेगळं असतं. त्यातलं यंत्र क्षणभराचा झटका ठरावीक अंतराने सोडतं, त्यामुळे शिवणारा मागे फेकला जातो, चिकटून राहत नाही. तेही मानक यंत्र आणि इशारा देणाऱ्या पाट्यांसह शेताला ठीक आहे. मुलं खेळतात अशा दोन गुंठ्यांच्या घराला त्याची गरज मला दिसत नाही. भिंतीवरच्या काचांबद्दलही माझं हेच मत आहे.

“झाडांचं कुंपण गेलं जुन्या लोकांबरोबर”

मागच्या बाजूला ओहोळ किंवा शेत असेल तर मी जिवंत कुंपणच सुचवेन. गिरिपुष्पाच्या फांद्या पावसाच्या सुरुवातीला फूट-दीड फुटावर रोवल्या की मुळं धरतात, पाणी अडत नाही, माती धरून राहते, छाटणीचा पाला खताला होतो. निरगुडीला गुरं फारशी तोंड लावत नाहीत. करवंदाची जाळी वाढायला वेळ घेते, पण एकदा दाटली की तिच्यातून कुत्रं शिरत नाही, वर वैशाखात करवंदं. पहिली दोन-तीन वर्षं आधाराला जाळी ठेवावी आणि झाडं तिच्यात वाढू द्यावीत. दोन झाडं मात्र घराजवळ टाळा. शेराचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, आणि मोगली एरंडाच्या बिया मुलं शेंगदाण्यासारख्या खातात, मग दवाखाना गाठावा लागतो.

“गेट काय, शेवटी बसवू”

गेट आधी ठरवा. ते आत उघडणारं किंवा सरकतं हवं. पानं रस्त्यावर उघडणारं गेट अरुंद गल्लीत लोकांना आणि गाड्यांना अडतं. गेटसमोरच्या गटारावर लोक सर्रास काँक्रीटचा भरीव रॅम्प ओततात आणि अख्ख्या गल्लीचं पाणी तिथे तुंबतं. त्याऐवजी गटारावर उचलता येणारी लोखंडी जाळी टाका, म्हणजे मे महिन्यात नालेसफाईवाल्यांना ती काढून गाळ उपसता येईल.